गांधीलमाश्यांसाठी अर्ज

पन्नास सालाच्या आसपास वडिलांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली आणि डमडमला आम्हाला सरकारी घर मिळालं. त्या घरात आमच्या आधीच कुणीतरी राहायला आलं होतं, हे मात्र ताब्याच्या कागदात नमूद नव्हतं. न्हाणीघराच्या खिडकीच्या लाकडी झडपेला बाहेरून गांधीलमाश्यांचं नारळाएवढं पोळं लटकत होतं.

शोध आईने लावला. दुसऱ्याच दिवशी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. शेजारचे म्हातारे बंगाली मास्तर कुंपणापलीकडून हात उडवत ओरडायला लागले, "बोलता! बोलता!"

बंगालीत गांधीलमाशीला बोलता म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? एवढ्या परमुलखात कुणी आपल्याशी मराठी बोलू पाहतंय म्हणून ती भारावली. पदर सावरून म्हणाली, "हो, बोलते की! आम्ही नागपूरचे."

तेवढ्यात मनगटाला डंख बसला आणि तिचा बंगालीचा पहिला धडा पुरा झाला.

हात कोपरापर्यंत सुजला. मास्तरांनी पानाच्या डब्यातला चुना आणून दिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत वडिलांना सांगितलं, की थंडी पडली म्हणजे माश्या आपणच जातील, तोवर ती खिडकी उघडू नका.

वडिलांना हा सल्ला अगदीच अडाणी वाटला. सरकारी घरावरची माशी सरकारनेच काढली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी बांधकाम खात्याला तीन प्रतींत अर्ज लिहिला.

आई म्हणाली, "अहो, एक प्रत माश्यांनाही द्या. त्यांचं म्हणणं नको का ऐकायला?"

बऱ्याच दिवसांनी खात्याचे एक साहेब पाहणीला आले. उन्हापावसाचा पत्ता नसताना त्यांनी छत्री उघडली आणि फाटकापाशी उभं राहून पोळ्याची कसून तपासणी केली. पोळं खात्याने बसवलेलं नाही, तेव्हा ही इमारतीची दुरुस्ती होत नाही; हे बागेकडचं काम असावं, म्हणाले. आम्हाला बाग नव्हती. साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले.

मग एका रविवारी वडिलांमधला वीरपुरुष जागा झाला. अंगात रेनकोट, हातांत लोकरीचे पायमोजे, डोक्यावरून मच्छरदाणी. बांबूच्या टोकाला रॉकेलचा बोळा पेटवून ते अंगणात उतरले. मी आणि आई काचेआडून बघत होतो.

बांबू वर गेला आणि पोळ्यापासून नेमका हातभर बाजूला टेकला. झडपेच्या जुन्या रंगाने भसकन पेट घेतला. माश्या चौकशीसाठी खाली आल्या. मच्छरदाणीला एक भोक होतं. ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माश्यांना ते लगेच सापडलं.

मास्तरांनी बादल्या ओतून झडप विझवली. पोळं शाबूत होतं.

वडील पलंगावर आडवे झाले. डावा डोळा पार मिटलेला, वरचा ओठ भज्यासारखा फुगलेला. आई चुना लावत होती.

"फार दुखतंय का हो?"

"छे!" वडील म्हणाले, पण त्या ओठातून ते 'फे' असं बाहेर आलं. आईने खूप आवरलं, मग फसकन हसली. वडील क्षणभर रागाने बघत राहिले, तेही एकाच डोळ्याने. मग तेही हसायला लागले, आणि हसताना दुखतं म्हणून कण्हायला लागले. त्या नव्या गावात आल्यापासून त्या दोघांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सोमवारी सियालदहच्या गाडीत वडिलांना ऐसपैस जागा मिळाली. तो चेहरा बघून लोकांना देवीची शंका आली असावी; अख्खा बाक रिकामा झाला.

पुढे पौषात थंडी पडली आणि एकेक करून माश्या दिसेनाशा झाल्या. आईने केरसुणीच्या एका फटक्यात रिकामं पोळं पाडलं. मास्तर कुंपणापलीकडून नुसतेच मान डोलवत होते. 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही न म्हणण्याइतके ते सज्जन होते.

माघात खात्याची तीन माणसं शिडी घेऊन हजर झाली. पोळं काढायचं काम मंजूर झालं होतं. त्यांनी शिडी लावली, पोळ्याची रिकामी जागा मनापासून न्याहाळली आणि काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर वडिलांची सही मागितली. जळक्या झडपेबद्दल कुणी काही विचारायच्या आत वडिलांनी, आयुष्यात प्रथमच, कागद न वाचता सही ठोकली.

"अगं," त्यांनी आत हाक दिली, "यांना चहा टाक. आणि दूध जरा जास्त घाल."