मांडीवरचा ट्रान्सफॉर्मर

भूकंपानंतर लातुरात शहाण्या माणसाच्या घरी फडताळात पालथे ग्लास असत. एक पालथा, त्याच्या बुडावर दुसरा, त्यावर तिसरा. जमीन हलली की ग्लास वाजणार आणि माणसं बाहेर पळणार. आमच्या बायकोनं पाच ग्लासांचा मनोरा रचला होता, कारण तिच्या मावशीचं अख्खं घर त्या पहाटे दगडामातीखाली गेलं होतं. मी त्याच फडताळाच्या खालच्या फळीवर माझा अँप्लिफायर ठेवला. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. अक्कल गहाण ठेवायला डिग्री लागत असेल, तर ती माझ्याकडे होती.

अँप्लिफायर घरीच जोडलेला, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर तर मी स्वतः गुंडाळलेला. तारेचे फेरे मोजता मोजता दूधवाला आला, पातळ दुधावरून त्याच्याशी भांडलो आणि पुढचा आकडा अंदाजानं धरला. लोखंडी पट्ट्या ठोकून बसवल्या. त्यांना व्हार्निश पाजायचं असतं हे पुस्तकात होतं, पण ते पान परीक्षेला नव्हतं. पोरांना मी सांगायचो, ट्रान्सफॉर्मरला फिरणारा भाग नसतो, म्हणून तो आवाज करत नाही. पोरं ते घोकत आणि दोन्ही मार्क मिळवत.

घरी मात्र तो घुमायचा, आणि संध्याकाळी जास्तच. गल्लीतल्या निम्म्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. सकाळी सगळी पोरं एकदम बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडत, आणि व्होल्टेज इतकं पडे की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावी. संध्याकाळी तीच पोरं दिवे-पंखे बंद करून क्लासला गेली की व्होल्टेज उसळे. मग माझा ट्रान्सफॉर्मर अंगात आल्यागत थरथरे, फळी थरथरे, आणि वरचे ग्लास किणकिणत.

पहिल्यांदा वाजले तेव्हा बायको ओरडत बाहेर पळाली. तिच्यामागं शेजारी, त्यांच्यामागं गल्ली. समोरचे तलाठी अर्ध्या दाढीनिशी उभे. खरं कारण कळल्यावर लोकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"त्यो डबा काढा तिथून," बायको म्हणाली. "न्हाईतर माझे ग्लास कुठं ठिवू ते सांगा."

डबा खाली ठेवला तर उंदीर वायरी खातात, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मला चूक कबूल करायची नव्हती. मी स्टॅबिलायझर आणला. तो व्होल्टेज सांभाळण्यापेक्षा खटाक् खटाक् करण्यातच पटाईत निघाला. मग मी क्लासमधला आवाज लावला. "हे बघ, ग्लास वाजले की समजायचं, डबा चालू आहे. घाबरायचं काम नाही." महिनाभर रोज हेच घोकवून घेतलं. शेवटी ती शिकली. ग्लास वाजत असताना ती निवांत भाजी निवडू लागली, आणि आपण मोठाच तीर मारला असं मला वाटलं.

एका रविवारी दुपारी मी अँप्लिफायर उघडला, ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला आणि दाराच्या पायरीवर बसून त्याचे नट आवळत होतो. सहा-सात किलोचं धूड मांडीवर. आतून ग्लास वाजले.

मी मांडीकडं पाहिलं. ट्रान्सफॉर्मर थंडगार होता, वायरी लोंबत होत्या. तेवढ्यात बुडाखालची पायरी हलली. मी उठलो आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पळालो. बघता बघता सगळी गल्ली तिथं जमली. तलाठ्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

"सर, वहिनी कुठं हायत?"

माझ्या दोन्ही हातांत ट्रान्सफॉर्मर होता.

तो तिथंच टाकून मी घरात धावलो. धक्का थांबला होता. भिंतीचा पोपडा पडला होता, दोन ग्लास जमिनीवर घरंगळले होते, आणि त्यांच्या शेजारी बायको तुरीची डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "झाला का बंद तुमचा डबा? आज लई बोंबलला."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि इतकी भीतीही. तिला भूकंपाचं आणि माझ्या पळण्याचं तलाठ्यांनी सांगितलं. प्लॉटवर मातीत पडलेला ट्रान्सफॉर्मर तिनं पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

मी तो पिशवीत घालून एसटीनं नांदेडला नेला. तिथं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे एक चाचा होते. त्यांनी तारा उसकटून पाहिल्या. "सर, ये वाइंडिंग है या शेवया? फेरे कम, पट्ट्या ढिल्या. रोएगा नहीं तो क्या करेगा?" त्यांनी फेरे वाढवले, पट्ट्या आवळल्या, सगळं व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवलं. पोरांना काय शिकवतो हे मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर अँप्लिफायर फडताळातून काढून कोपऱ्यात जमिनीवर ठेवला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. उंदरांचं उंदरांनी बघावं. संध्याकाळी पोरं क्लासला गेली, व्होल्टेज चढलं. बायकोनं दोन ग्लास आणून थेट डब्यावर पालथे घातले आणि कान देऊन उभी राहिली. काही वाजलं नाही.

"आता वाजले की खरं समजायचं?"

"खरं."

"पळायचं?"

"पळायचं."

तिनं ग्लास उचलले, पदरानं पुसून वरच्या फळीवर रचले.

"अन् पळताना हात रिकामे ठिवा," ती म्हणाली. "मला धरायला लागतील."