चार टायरांसाठी चाकण

शनिवारी पहाटे पाचला आम्ही वाडीतून निघालो तेव्हा माझ्या वहीत अशी यादी होती : टायर चार, साइज दोनदा तपासून. फोन केलेली दुकानं सहा, त्यांतल्या दोघांनी "माल आहे" म्हटलेलं. जेवणाचा डबा. दोरखंड. आणि तळाला, खाली दोन रेघा मारून, "मंगळवार सकाळी सहा".

मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्या घरात जाऊबाईंचे वार. त्यांना आठवड्यातून दोनदा संगमनेरला डायलिसिसला न्यावं लागतं. आमची वाडी अकोले तालुक्यात डोंगरावर आहे. डांबरी रस्ता गाठायला साडेतीन किलोमीटर कच्ची उतरण. पावसाळ्यात तिथून चारही चाकांना ओढ असलेली गाडीच जाते, आणि तशी गाडी वाडीत एकच, आमची जीप. तिच्या टायरांची नक्षी (रबरावरच्या खाचा) यंदा अगदी संपली. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, जाऊबाई आत बसलेल्या असताना जीप चिखलात आडवी घसरली आणि बांधाला टेकून थांबली म्हणून वाचली. माणसांनी दोर लावून ती रस्त्याला आणली.

टायर मिळाले नाहीत तर जाऊबाईंना दिवाळीपर्यंत संगमनेरात खोली घेऊन राहायचं होतं. खोली पाहूनही ठेवली होती. मालकीणबाईंना रविवारी संध्याकाळी कळवतो म्हणून सांगितलं होतं. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पावसाळाभर त्या खोलीत? त्यापरीस मशीनच सोडते मी." आमच्या जाऊबाई उगाच बोलत नाहीत. म्हणून मी वही उघडली.

गाडी चालवायला नामदेवभाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर. भाऊजी दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात. कच्ची उतरण जीप पहिल्या गिअरात कशीबशी उतरली; डांबरावर झिजलेले टायर फार त्रास देत नाहीत, त्यामुळे कोतूळ, ब्राह्मणवाडा करत आम्ही ओतूरला वेळेत पोचलो. श्रावणातली भुरभुर चालू होती आणि डोंगर इतके हिरवे होते की बघत बसायला वेळ नाही याचं मला वाईट वाटलं. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले पिकअप हमरस्त्यापर्यंत रांग लावून होते. तिथे चहा आणि भजी. भाऊजींनी दोन प्लेट संपवल्या आणि म्हणाले, "मिळतील ना?" मी म्हटलं, "मिळतील."

चाकण जवळ आल्याचं कळतं ते ट्रेलरवरून. नव्या कोऱ्या गाड्या दोन मजल्यांवर बांधून नेणारे लांबलचक ट्रेलर समोरून येऊ लागले. एकावर आमच्याच जातीच्या सहा जीपा होत्या. तळेगाव चौकाच्या कोंडीत तो ट्रेलर आमच्या शेजारी पंधरा मिनिटं उभा राहिला. भाऊजी मान वर करून बघत होते.

"सहा गाड्या," ते म्हणाले. "स्टेपनी (जादाचं चाक) धरून तीस टायर."

"आपल्याला चार हवेत."

"त्येच म्हंतो."

पहिलं दुकान संतोषचं. तिशीतला, खेड तालुक्यातलाच, बोलका मुलगा. फोनवर "माल आहे" म्हणणारा हाच. मी साइजचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"ताई, माल आहे म्हणजे माल गाडीत आहे."

"कुठल्या गाडीत?"

"जी अजून निघाली नाही त्या."

मी कागदाची घडी घालायला लागले. तो ओशाळला आणि त्याने आमच्यासाठी स्टुलं पुढे केली. "खरं सांगू का, हे दातवाले टायर आधी नव्या गाड्यांना जातात. उरलं तर आमच्याकडे. त्यात आता ज्याला त्याला हेच पायजेत. ऑफिसला जायला. महिनाभर फोनवर नुसतं 'नाही' म्हणून कंटाळलो, म्हणून तुम्हाला 'आहे' म्हटलं, राव."

दुसऱ्या कंपनीचे दोन टायर त्याच्याकडे होते. दोन पुढे, दोन जुने मागे, अशी भाऊजींची तयारी होती. संतोषने स्वतःच नकार दिला. "चारही चाकांना ओढ लावली की चारही सारखी फिरायला पायजेत, काका. दोन उंच, दोन बुटकी झाली तर गिअरबॉक्स खाल्लाच म्हणून समजा. एकच कंपनी, एकच नक्षी, नाहीतर नको." गिऱ्हाईक हातचं जात असताना खरं बोलणारा दुकानदार मला आवडतो. त्याच्या रजिस्टरमध्ये मी नाव लिहिलं. चौदावा नंबर. दीड महिना धरा, असं तो म्हणाला.

दुसरं दुकान चिंचवडचं. भोसरी ओलांडून नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर भाऊजी चुकीच्या फाट्याला लागले. पिंपरीकडे वळायचं सोडून आम्ही पुण्याच्या दिशेला उतरलो आणि परत फिरायला पाऊण तास घालवला. चिंचवडच्या दुकानदाराने आम्हाला पाहताच हात जोडले. "सकाळीच गेले हो काकू. शेवटचे चार."

दोन वाजले होते. समोरच्या सोसायटीच्या कुंपणाला जीप लावून आम्ही डबा उघडला. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, उकडलेली अंडी. खाताना माझं लक्ष सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलं. मी भाकरी ठेवून वही घेतली आणि मोजायला लागले. चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्या सात. आमच्या साइजच्या पाच. त्यांतल्या चौघींच्या टायरची कंपनी आणि नक्षी एकच, आणि आमच्या जीपच्या टायरांवर होती तीच. चिखल कुठल्याच चाकाला नाही. खाचा इतक्या स्वच्छ, जणू कुणी काडीने कोरून काढलेल्या. आणि प्रत्येकीच्या पाठीवर पाचवा टायर.

गेटवरचे वॉचमन परभणीकडचे होते. त्यांना मी विचारलं, या गाड्या डोंगरात जातात का.

"कुठं जातेत मावशी. चिखलाचा एक शिपका दिसला की साहेब मलाच बोलतेत, इथं पाणी का साचलं म्हनून."

आम्ही गेटपाशीच थांबलो. पाचच्या सुमाराला त्यांतल्या एका गाडीचा मालक खाली आला. मंदार, चाळिशीचा, हिंजवडीला नोकरी. मी सरळ विषयाला हात घातला : तुमची स्टेपनी किती वेळा खाली उतरली?

तो हसला. "दोन वर्षांत एकदाही नाही. का हो?"

मी त्याला गाडीमागे नेलं. त्या टायरवर रबराचे बारीक केस (नव्या टायरवर असतात ते) अजून शाबूत होते. मी म्हटलं, "चाकणला माझा चौदावा नंबर आहे. दीड महिन्याने चार कोरे टायर येतील. पैसे मी भरते. तुम्हाला आज स्टेपनी लागत नाही, मला मंगळवारी टायर लागतात. तुमचा आज मला द्या, माझ्या नंबरावरचा तुम्ही घ्या."

"पण काकू, एवढी काय घाई?"

भाऊजींनी खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला. शुक्रवारी कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. जीप आडवी जाते, बांधाला आदळते, माणसं धावतात. मंदारने तो दोनदा पाहिला.

"आत कोणी होतं का?"

"माझी बायको," भाऊजी म्हणाले.

मंदारने फोन परत दिला आणि स्वतःचा काढला. त्यांचा अशा गाड्यावाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी सगळे मिळून मिसळ खायला जातात. "गाड्या घेऊन?" मी विचारलं. "गाड्या घेऊनच," तो जरा लाजून म्हणाला.

मुक्कामाला आम्ही आळंदीला गेलो, कारण भाऊजींना माऊलींचं दर्शन घ्यायचं होतं आणि धर्मशाळा स्वस्त, स्वच्छ होती. इंद्रायणीला भरपूर पाणी होतं. घाटावर वारकरी शिक्षण घेणारी मुलं ओळीने बसून पखवाजाचे बोल तोंडाने म्हणत होती. खानावळीत शेवभाजी आणि गरम भात जेवत असतानाच मंदारचा फोन आला. दोघं तयार, कंपनी आणि नक्षी तीच, रविवारी चाकणला टायर घेऊन येतील. तो स्वतः तिसरा. चौथे चऱ्होलीचे आप्पा. ते म्हणतात, समोर येऊन बोला.

मी वहीत चारपैकी तीन आकड्यांवर बरोबरची खूण केली. चौथा गोल करून ठेवला. तीन टायरांवर जीप चढत नाही.

रविवारी सकाळीच आम्ही चऱ्होलीला गेलो; ते आळंदीच्या अंगालाच आहे. अर्धं गाव, अर्ध्या सोसायट्या. वीस मजली इमारतीच्या सावलीत कोथिंबिरीचे वाफे आणि त्यापलीकडे सेल्स ऑफिसचा तंबू, असं सगळं शेजारी शेजारी. आप्पा साठीचे, जुन्या घरातले, जमिनीचा मोठा भाग बिल्डरला दिलेला. अंगणात काळी जीप, आणि तिच्या स्टेपनीच्या कव्हरवर शर्यतीच्या दोन बैलांचा रंगीत फोटो.

"हा बाज्या, हा तुफान," आप्पांनी आधी ओळख करून दिली. मग खाट दाखवली, चहा आला. माझं म्हणणं त्यांनी पुरतं ऐकलं.

"आजारी माणसाचं काम हाय, मी न्हाई कशाला म्हनू. पर ताई, पुढल्या रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा हाय. सगळी भावकी येनार. तिथं बोडक्या पाठीची गाडी नेऊ व्हय? लोकं म्हंतील, आप्पानं चाक बी इकलं."

"त्यांना कारण सांगा."

"कुनाकुनाला सांगू? आन् बाज्या-तुफानाला कुठं लावू? घडी घालून खिशात?"

या मुद्द्यासाठी माझ्या वहीत काहीच नव्हतं. मी सहा आठवडे पाच करता येतील का, दुसरीकडून तात्पुरतं चाक आणता येईल का, असं बोलत राहिले. आप्पा मान हलवत राहिले, पण नन्नाची. त्यांना मदत करायची होती आणि जमत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे जास्त ओढून धरावं तर तेही बरं दिसेना.

भाऊजी उठून आप्पांच्या जीपमागे गेले होते. त्यांनी कव्हर बोटाने उचलून पाहिलं.

"आमचंच जुनं घाला की आत," ते म्हणाले. "माप त्येच हाय. वरून बाज्याच दिसंल."

आप्पांनी कप खाली ठेवला. "आन् पंक्चर झालं तर?"

"डांबरावर चालंल अजून वरीसभर. चिखलात तेवढं नेऊ नका."

"चिखलात कोन नेतंय," आप्पा म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने हसले की आतून त्यांची सून बघायला आली. "पावनं, तुमी कमी बोलता, पर नेमकं बोलता."

अकराला संतोषच्या दुकानापुढे चार चकचकीत जीपा आणि एक आमची, अशी रांग लागली. आप्पांचं ऐकून बाकी तिघांनाही जुने टायरच कव्हरखाली हवे होते. रिकाम्या पाठीने घरी जायची कुणाची तयारी नव्हती. आमच्या स्वतःच्या स्टेपनीला बाजूने चीर गेलेली होती, ती मी कुणाला दिली नाही. बाकीचे चार संतोषने एकेक करून तपासले, रिमवर चढवले आणि हवा भरून पाण्यात बुडवून पाहिले. त्यांचे टायर आमच्या चाकांवर, आमचे त्यांच्या पाठीवर. मी चार कोऱ्या टायरांचे पैसे भरले, मग त्याने रजिस्टर काढून चौदाव्या नंबरापुढचं माझं नाव खोडलं आणि तिथे चौघांची नावं लिहिली.

"ताई, नंबर बदली करून द्यायचा हा प्रकार आमच्याकडे पहिलाच," तो म्हणाला. "तुम्ही दुकानात बसता का माझ्या?"

"आधी 'माल आहे' म्हणायचं बंद कर. मग बघू."

मंदारने निघताना वाडीचा रस्ता विचारून घेतला. एकदा चढून बघायचंय म्हणाला. मी म्हटलं, जरूर या, पण मंगळवार-शुक्रवार सोडून. त्या दिवशी रस्ता मोकळा लागतो.

परतीच्या वाटेवर राजगुरुनगर सोडल्यावर मी वही उघडली. तुटवडा आहे हे दोन्ही दुकानदारांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. पण आम्हाला हवी ती वस्तू दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये, पाठीला टांगून, दोन वर्षं स्वस्थ उभी होती. यापुढे दुकानांच्या यादीशेजारी दुसरी यादी करायची, असं मी लिहून ठेवलं : ही वस्तू कुणाकडे नुसतीच आहे? भाऊजींची सूचना मात्र कुठल्या रकान्यात घालायची ते मला सुचलं नाही. मी पानाच्या कडेला त्यांचं नाव लिहिलं.

साडेपाचला आम्ही कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी होतो. वर दिवसभर पाऊस झालेला; लाल पाण्याचे ओहोळ चाकोरीतून खाली येत होते. भाऊजींनी चारही चाकांची ओढ लावली. शुक्रवारी जिथे जीप घसरली होती तिथे बांधाची माती अजून खरवडलेली दिसत होती. मागची चाकं किंचित सरकली, रबराने काहीतरी घट्ट धरल्याचं मला सीटखाली जाणवलं, आणि जीप वर गेली.

जाऊबाई दारात होत्या. शनिवारपासून पाय सुजलेले, तरी उठून बाहेर आल्या. त्यांनी वाकून पुढच्या टायरच्या खाचेत अंगठा घातला. पेरभर आत गेला.

"चारी असलेच?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

"चारी."

त्या पायरीवर टेकल्या आणि माझ्याकडे हात केला. "संगमनेरच्या बाईला फोन लाव."

मी लावून दिला. पलीकडून मालकीणबाई विचारत होत्या, कधी येताय, खोली झाडून ठेवू का.

"दुसऱ्या कुनाला द्या ती," जाऊबाई म्हणाल्या. "मी घरूनच येनार."