फिका तुकडा

शिरगावच्या किनाऱ्यावर चंद्रकांता मुशी माशाचे तुकडे खारवून वाळत घाली, तेव्हा दर खेपेला एक तुकडा बिनमिठाचाच टांगे. घरात त्याला ‘फिका’ म्हणत. ऊन-वाऱ्याचं काम किती आणि मिठाचं किती, ते त्या फिक्यावरून कळे.

तिची लेक तेजल याच वासात वाढली, शिकली आणि बोईसरच्या एका औषध कंपनीच्या लहानशा प्रयोगशाळेत लागली. तिथं तिची गाठ हिस्टोन नावाच्या प्रथिनांशी. पेशीतला डीएनएचा लांबलचक धागा गुंडाळलेला असतो तो यांच्याभोवती. नुसत्या पाण्यात ही प्रथिनं सैल पडून असतात, रंग पुसून बसलेल्या नटासारखी. जोडीला योग्य रेणू किंवा क्षार आला, की अंग आवळून वळण घेतात, आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली गोता मारते.

कंपनीच्या नव्या रेणूनं ती रेघ अशी काही खाली नेली, की प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. सोमवारी मुंबईचे साहेब येणार होते. रेणू खरा ठरला तर प्रयोगशाळा राहणार. नाहीतर टाळं, आणि तेजल पुन्हा पहिल्यासारखी कंपनीच्या कुंभवलीच्या कारखान्यात पाळीवर.

पेढे घेऊन ती घरी आली, तेव्हा आई दोरीवर मुशी टांगत होती. सगळेच तुकडे मिठानं पांढरे.

“आई, फिका कुठाय?”

“नाय टांगला. इतकी वर्सं खारवते, आता वाऱ्याला काय इचारायचं?”

“मग कळणार कसं?”

“मला कळतं. तू पेढा दे आधी.”

तेजलचा हात डब्यातच थांबला. फिका तिनंही टांगला नव्हता. रेणू पाण्यात विरघळावा म्हणून त्याला फॉस्फेट या क्षाराची जोड दिलेली होती. नुसतं फॉस्फेट काय करतं, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रथिनात रेणू न घालता फक्त फॉस्फेट घातलं. रेघ तितकीच खाली गेली.

“सोमवार होऊन जाऊ दे की!” प्रयोगशाळेचे प्रमुख प्रफुल्ल सर वैतागले.

“कुणी विचारलं तर, सर?”

“कोण विचारतंय? तू तोंड उघडलंस तरच.”

“उघडीन, सर.”

“पेढे खाताना नाही उघडलंस ते!”

“तेव्हाही उघडलंच होतं, सर.”

सरांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. सोमवारी दोन्ही रेघा एकाच पडद्यावर आल्या. टाळ्या रेणूला मिळायच्या होत्या. काम विंगेतल्या फॉस्फेटनं केलं होतं. साहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. महिनाअखेर टाळं लागलं.

“गेलं काम?” चंद्रकांतानं विचारलं.

“जागा बदलली. कुंभवली.”

पुढच्या खेपेला चंद्रकांतानं दोरीच्या टोकाला एक बिनमिठाचा तुकडा टांगला. दोन-तीन दिवसांत त्याला वास सुटला.

“मिठाचंच काम हाय गो,” ती म्हणाली, आणि तुकडा मांजरापुढे टाकला.