नजीरानं बसवलेला सेल्फ

शिवाजी पेठेतल्या नजीराला नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं कळायचं. बाप अमीन मिस्त्री गेल्यावर गॅरेज तिनंच सांभाळलं, आणि त्याच्याबरोबर सयाजीरावांची शंभर वर्षांची मोटारही. ॲक्सिलरेटर क्लच-ब्रेकच्या मधोमध, आणि सुरू करायची तर पुढं उभं राहून हँडल मारायचं. नजीराशिवाय ती कुणालाच दाद देत नव्हती.

यंदा महिला दिनाला जुन्या गाड्यांची फेरी ठरली. चालवणाऱ्या सगळ्या बायकाच. ऐकल्या ऐकल्या नजीरानं सयाजीरावांचा बंगला गाठला.

"आबासाहेब, आपली गाडी मी चालवते."

"आणि वाटंत बंद पडली तर? हँडल मारायला गडी लागतोय."

"वीस वर्सं कोण मारतंय मग? जिन्न?"

सयाजीराव खो खो हसले. "गॅरेजात ठीक हाय गं. चारचौघांत बाईनं वाकून हँडल मारायचं, बरं दिसत न्हाय."

अडचण हँडलची आहे ना, मग हँडलच नको, असं नजीरानं ठरवलं. भंगारातून जीपची सेल्फ मोटर आणली. फ्लायव्हीलवर दात्यांची रिंग तापवून बसवली. सीटखाली बॅटरीला जागा केली. तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर बटण आलं.

सयाजीरावांनी बटण दाबलं आणि इंजिन घुमलं.

"आयला! आता कुणीबी चालवंल की!" त्यांनी तिथूनच सुनेला हाक मारली. "संयोगिता, फेरीत तूच बसायचं!"

"पण आबासाहेब, मी..." नजीरा पुढं झाली.

"तू हायस की मागच्या टेम्पोत, हत्यारं घेऊन."

आठ दिवस संयोगिताला शिकवलंही नजीरानंच.

"मावशी, किती सोपी करून ठेवलीय हो गाडी!" संयोगिता मनापासून म्हणाली. म्हणून ते जास्तच लागलं.

फेरीत रंकाळ्याच्या वळणावर मोटार गचका खाऊन बंद पडली. मागच्या टेम्पोत नजीरा पेटी घेऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं आपलंच काम फसावं म्हणून दुवा मागितली. आता हाक येईल. आता म्हणतील, नजीरा, तूच बस.

संयोगितानं बटण दाबलं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. टाळ्या पडल्या.

"काम पक्कं केलंयस बग," टेम्पोवाला केरबा म्हणाला.

"व्हय," नजीरा खाली बसत म्हणाली. "हात मोडायला पायजे हुतं माझं."