रिकाम्या गाडीचं माप

उंच केलेल्या जीपला शॉक अब्सॉर्बर निवडणं हे कुठल्याही मेकॅनिकच्या लेखी अर्ध्या दिवसाचं काम. मी ते एकदा चुकवलं. मुलांना मी आजवर सांगत आलो की सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या निम्म्या गाड्या तुमच्या बापाच्या हाताखालून गेल्यात. गेल्या होत्या, खोटं नाही. पण त्या सगळ्यांतली एकच अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्याबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढलेला नाही.

ती गाडी कफिलाची होती. कफील म्हणजे ज्याच्या सहीवर आम्ही त्या देशात होतो तो मालक. गॅरेज त्याचं, आमची खोली त्याची, आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. माझा मोठा भाऊ त्याच्या घरी ड्रायव्हर. भाईनेच मला रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून तिकडे बोलावून घेतलं होतं. गावात तो मासळीचा टेम्पो चालवायचा आणि तिथे आल्यावर त्याला वाळवंटाची भीती वाटायची. रस्ता सोडून गाडी वाळूत घालायची म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटायचा. मी त्याची टर उडवायचो. समुद्रात होडी घालतो तो वाळूला कसला घाबरतो, म्हणायचो. तो म्हणायचा, समुद्र आपला आहे.

कफिलाने ती जीप शिकारीसाठी चार बोटं उंच करून घेतली होती. ससाणे घेऊन हिवाळ्यात वाळवंटात जायचा त्याला नाद. स्प्रिंगा उंच बसवल्या, शॉक मात्र जुनेच ठेवले आणि त्यांच्या खाली लोखंडी तुकडे वेल्ड करून जोडले. हे जुगाड मी येण्याआधीचं. शॉकला तिकडे मुसाइद म्हणतात, म्हणजे मदतनीस. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि शॉक तिला आवरतो. तो नसला तर एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा नाचते. उंच गाडीला शॉक लांब लागतो, पण किती लांब यातच सगळी मेख आहे. आखूड पडला तर चाक खड्ड्यात लोंबलं की ताणून तुटतो. जास्त लांब झाला तर गाडी दबली की तो पूर्ण मिटतो, त्याला आत जायला जागाच उरत नाही, आणि मग दर खड्ड्याला तो हातोड्यासारखा चेसिसवर बसतो.

हे मला शिकवलं आमच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या येमेनी उस्तादाने. त्याने कोपऱ्यात वाळू भरलेली सोळा पोती रचून ठेवली होती. शॉकचं माप घ्यायचं असलं की तो ती सगळी गाडीत भरायला लावायचा, मागे, पुढे, टपावर, आणि मगच टेप काढायचा. माझी कंबर मोडायची. मी कुरकुर केली की त्याच्या मोडक्या उर्दूत म्हणायचा, "खाली गाडी झूठ बोलती है." त्याच्या हाताखाली पाच वर्षं काढली, आणि पाच वर्षं मी मनात म्हणत होतो की म्हाताऱ्याला दुसरं काम नाही.

इराकने कुवेत घेतलं त्याच वर्षीच्या शरदात येमेनी लोकांना देश सोडावा लागला. उस्तादही गेला. जाताना त्याने आपली टेप मला दिली. त्यानंतर हफ्रमध्ये रणगाडेच रणगाडे, दुकानं अर्धी बंद, आणि रस्त्यावर लष्करी ट्रकांच्या अशा रांगा की पलीकडे जायला पंधरा मिनिटं लागायची. कफिलाने गॅरेजमधली सोळाच्या सोळा पोती उचलून नेली आणि आपल्या घराच्या खिडक्यांपुढे रचली. घरातल्या माणसांसाठी विषारी वायूपासून वाचायचे मास्क आले होते. आम्हा कामगारांना सांगितलं गेलं की भोंगा वाजला तर टॉवेल ओला करून तोंडाला धरा. भाई आणि मी दोघांनी मिळून एकच बादली भरून दाराशी ठेवली होती. त्या बादलीकडे बघून भाई एकदा मोठ्याने हसला.

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली. जमीन हलायची, खोलीतली भांडी वाजायची. कफिलाने ठरवलं की आपण घर राखायचं आणि बाकी सगळ्यांना मदिनेला बहिणीकडे पाठवायचं. म्हातारी आई, बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि पाच मुलं. घरची मोठी गाडी आधीच बिघडून पडली होती, राहिली ती जीप. चालवणार भाई.

भाईने पहिल्यांदाच आयुष्यात कुणाला अट घातली. म्हणाला, मी पोचवतो, पण मग मला घरी जाऊ द्या. कफील तयार झाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातला प्रकार. एक्झिटचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का मारलेला भाईचा पासपोर्ट त्याने म्हातारीच्या हातपिशवीत टाकला. मदिनेत उतरलो की मी स्वतः तुझ्या हातात देईन, असं ती म्हातारी भाईला म्हणाली. ती त्याला मुलासारखं वागवायची, जेवताना आपल्या ताटातला भात त्याच्यासाठी बाजूला काढायची. म्हणजे हिशेब अगदी सरळ होता. म्हातारी मदिनेला पोचली की भाई गावाला पोचला.

आणि त्या गाडीचे मागचे दोन्ही शॉक तेल गळून मेले होते.

मी उघडी दोन दुकानं पालथी घातली. तीन जोड्या मिळाल्या. पहिली कंपनीच्या मूळ मापाची, उंच केलेल्या गाडीला आखूड. दुसरी बरोबर लांबीची, पण वापरलेली. हाताने दाबली तर लोण्यात बोट जावं तशी आत जायची. तिसरी कुठल्याशा छोट्या ट्रकची, नवी कोरी, लांब, जाडजूड. दोन हातांनी जोर लावला तरी हलेना. आमच्या लोकांत शॉक हाताने दाबूनच बघायची पद्धत, आणि जो दबत नाही तो चांगला हे सगळ्यांचं ठाम मत. तिसरी जोडी हातात घेतल्यावर मला धीर आला. भाईला घरी नेईल तर हीच, असं वाटलं.

गॅरेजमध्ये आणून मी जीप सपाट फरशीवर उभी केली आणि टेप लावली. उभ्या गाडीत वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंतचं अंतर घेतलं. मग जॅक लावून चाकं लोंबवली आणि तेही घेतलं. शॉक मिटल्यावर किती उरतो ते पाहिलं. चार बोटं जागा शिल्लक होती. पुरे आहे, म्हटलं. कफील दारात उभा राहून यल्ला, यल्ला, आटप लवकर, करत होता. मी पोत्यांसाठी कोपऱ्याकडे पाहिलं तर तिथे फरशीवर फक्त चौकोनी डाग होते.

वाळूच्या देशात वाळू मिळाली नाही असं म्हणायला मला तोंड नाही. फावडं घेतलं असतं तर अर्ध्या तासात पोती भरून झाली असती. ते नको तर गॅरेजमधले आम्ही सात जण आणि कफील मिळून गाडीत बसलो असतो. दहा माणसं, टपावर पाण्याची दोन पिंपं, गाद्या, तांदळाचं पोतं, हे सगळं जाणार हे मला ठाऊक होतं. पिंपं भरायला मीच नळी धरली होती. पण मी घाईत होतो, घाबरलो होतो, आणि डोळ्यांत फूटपट्टी आहे असा मला माज होता. म्हाताऱ्याशिवाय आपल्यालाही जमतं हे दाखवायचं होतं, आणि दाखवायचं कुणाला, तर म्हातारा केव्हाच येमेनच्या वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर ते निघाले. गाडी भरल्यावर मागून इतकी खाली बसली होती की मला ते दिसलं. हे मला लिहिलंच पाहिजे. मला दिसलं, आणि मी स्वतःला सांगितलं की नवे शॉक आहेत, धरतील. भाईने काचेतून हात काढून माझ्या डोक्यावर टपली मारली. घाम सुटलेला हात होता.

हमरस्ता लष्कराच्या ट्रकांनी भरलेला, म्हणून त्यांना बाजूच्या कच्च्या वाटेवर उतरावं लागलं. ती वाट धुणं घासायच्या फळीसारखी, सगळी आडव्या वळ्यांची. हफ्रपासून तासाभरावर गाडी उलटली. दुपारी फोन आला. म्हातारी जागीच गेली होती. बाकीच्यांना हातापायांना मार, भाईच्या बरगड्या मोडलेल्या. गाडी आणायला टोचनचा ट्रक घेऊन मलाच पाठवलं.

जीप चाकं वर करून पडली होती, त्यामुळे खाली वाकायचीही गरज नव्हती. मागच्या डाव्या शॉकचा वरचा पत्रा चेसिसपासून फाटून निघाला होता आणि शॉकचं टोक ठोकून ठोकून खिळ्याच्या डोक्यासारखं पसरलं होतं. चमकत होतं ते. चार बोटं जागा दहा माणसांनी आणि दोन पिंपांनी खाऊन टाकली होती, आणि तासभर प्रत्येक वळीला तो शॉक घणासारखा आपटत राहिला होता, शेवटी पत्रा फाटला आणि गाडीला आवरणारं काही उरलं नाही. वाळूत एक पिंप, एक लहान चप्पल, तांदूळ. म्हातारीची हातपिशवी पोलिसाच्या हातात होती. पासपोर्ट त्यातच होता, आत वाळू गेली होती.

पोलिसाने मला विचारलं, तू मेकॅनिक आहेस, गाडीत काही बिघाड होता का?

मी म्हणालो, "मा फी." नव्हता.

त्याने ते लिहून घेतलं. इतकंच झालं. गाडी चांगली होती म्हणजे चूक ड्रायव्हरची, आणि माणूस मेलं म्हणजे ड्रायव्हर आत. हे तिथल्या कुठल्याही कामगाराला ठाऊक असतं, मलाही होतं. उत्तर द्यायला मला विचारही करावा लागला नाही. गाडी ट्रकवर चढवताना मी फाटलेल्या पत्र्यावर हाताने ग्रीस फासलं.

भाईला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा लढाई संपलेली होती आणि कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर आमच्या आभाळावर येऊन बसला होता. तो जाळीपलीकडे आला. बरगड्यांना हात धरून चालत होता. मी त्याला विचारलं, जेवलास का. त्याने उलट मलाच विचारलं.

"गाडी रिकामी मापलीस काय रे?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मला आवाज येत होता मागून," तो म्हणाला. "थांबून बघायला हवं होतं. पोरं रडत होती, म्हटलं पुढे थांबू." मग जाळीजवळ आला. "कोणाला सांगू नको. मी सांगितलंय की मीच जोरात हाणत होतो. एका घरातले दोघे आत नकोत, गावी आपल्या अम्माकडे कोण बघेल?"

मी रडलो. तो मला गप्प करत राहिला, जाळीतून बोटं बाहेर काढून.

नऊ महिन्यांनी कफिलाने त्याला माफ केलं; मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं की तिकडे ड्रायव्हर सुटतो. अल्लाची मर्जी होती म्हणाला. कफील माणूस वाईट नव्हता. माफ करताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता त्याने. त्याच आठवड्यात त्याने नवी जीप आणली, तीही उंच करून घेतली आणि शॉक निवडायला माझ्याकडे दिली. तुझ्या कामावर भरवसा आहे, असं म्हणाला. घरापुढची पोती तोपर्यंत परत आली होती. मी सोळाच्या सोळा पोती एकट्याने गाडीत भरली, उतरवली, पुन्हा भरली आणि तीन वेळा माप घेतलं. गॅरेजमधले हसत होते. माप अगदी बरोबर आलं.

भाईला तुरुंगातून थेट गावी पाठवलं. पासपोर्टवर पुन्हा एक्झिटचा शिक्का लागला, फक्त दुसऱ्या रंगाचा, हद्दपारीचा. त्याने पुन्हा कधी स्टिअरिंग हातात धरलं नाही. बंदरावर जाळी विणत बसायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, माझीच चूक, जोरात हाणत होतो, एक म्हातारी गेली माझ्यामुळे. लग्नाच्या पंगतीत, मशिदीच्या पायरीवर, पोरांपुढे, कुठेही. मी तिथेच बसलेलो असायचो. इतकी वर्षं म्हणून म्हणून शेवटी त्याला ते खरंच वाटायला लागलं असावं. शेवटच्या आजारात तो म्हातारीची माफी मागत होता. तिच्या ताटातल्या भाताबद्दल बोलत होता.

मी त्याचे पाय चेपत होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मापाबद्दल नाही, ते तर त्याला माहीत होतं. दुसरं. तो गेला तो याच समजुतीत की त्याने मला वाचवलं, की मी त्याच्या सांगण्यावरून गप्प राहिलो. त्याने जाळीतून बोटं काढून मला गप्प राहायला सांगितलं त्याच्या किती तरी आधी, त्या उलट्या गाडीजवळ, पोलिसाला ‘मा फी’ सांगून मी मोकळा झालो होतो. हे मी त्याला सांगितलं नाही.