नाडा बांधलेली वायर

पयलेच सांगून ठेवतो — भूत, भानामती, अंगात येनं, माहा कायवरच विश्वास नाही. सोतावर बी नाही. बायकोचा तं माह्यावर त्याहून नाही. सहावी नापास मानूस हाव, फोनमंदी बोलून टाईप करून राह्यलो, चुकलं तं फोनले शिव्या द्या.

मी आर्नीले राह्यतो. लग्नाची, बारशाची शूटिंग करतो अन् घरच्या समोरच्या खोलीत कम्प्युटरवर मिक्सिंग. माहे सासरे, मामाजी, वायरमन होते. गावातल्या मोटरी, मीटर, मांडवाची लायटिंग, सगळं त्यायच्या हातचं. अन् जावई भेटला असा, का बल्ब काढाले चढला तं होल्डर घेऊन खाली येते! मी नुसता पेचकस, आपला स्क्रू-ड्रायव्हर, उचलला का मामाजी वरडत, "जावईबापू, तुमी हात नोका लावू!"

मागच्या वर्षी ते गेले. त्यायचा बोलता-चालता व्हिडिओ एकाच जागी होता... माह्या पोराच्या बारशाच्या शूटिंगमंदी. चार तासाचं शूटिंग, त्यात मामाजी तुकड्या-तुकड्यानं. माही बायको संगीता वर्षभर म्हनत होती, "तेवढे तुकडे जोडून द्या ना." मी वर्षभर म्हनत होतो, "करतो ना." असं करता करता वर्षश्राद्ध आलं. तिनं मायले अन् दोघा भावायले सांगून टाकलं — जेवनं झाले का टीव्हीवर बाबा दाखवतो.

अन् कम्प्युटर! तुकडे जोडून फिल्म काढाले लावली का तीस टक्क्यावर बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा तीसवर बंद. चार दिवस हेच. अरे, तीस टक्के तं मी बी पाडत होतो शाळेत!

दिग्रसच्या रफीकभाईले फोन लावला, माहा जुना मेकॅनिक. तो म्हने, "भाऊ, ग्राफिक कार्ड मोठं लागन, अन् त्याले पोसाले पावर सप्लाय बी मोठा. रविवारी येऊन बसवून देतो." श्राद्ध शुक्रवारी. मंग काय, यवतमाळहून दोन्ही डबे आनले अन् गुरुवारी सकाळी सोताच बसलो.

"तुमी?" संगीता म्हने.

"मंग काय कलेक्टर येईन?"

जुन्या सप्लायले शेपट्या चार, याले बारा. जे जिथं घुसलं तिथं घुसवलं. शेवटी एक जाड वायर उरलीच. म्हटलं, एक्स्ट्रा देली असन, शर्टासंगं बटन देते तशी. तेवढ्यात संगीता हळद-कुंकू घेऊन हजर. आमच्या घरी नवी मशीन पूजेबिगर चालू होत नाही. कार्डाले म्या बोट लावू देलं नाही, म्हटलं जळन. ती फालतू वायर तिच्यासमोर केली. तिनं वायरीच्या तोंडाले हळद-कुंकू लावलं, पूजेत मनगटाले बांधते तो लाल नाडा गुंडाळला, गच्च गाठ मारली अन् कम्प्युटरच्या आतच कोपऱ्यात बांधून टाकली.

बटन दाबलं. भुर्रर्र... कार्डाचे दोन्ही पंखे सुरू! तीस गेलं, साठ गेलं, शंभर झालं. माही कालर टाईट.

शुक्रवारी सगळे टीव्हीसमोर. मामाजी शिडीवर, लायटिंगची माळ बांधून राह्यले. कॅमेऱ्यामागून माहा आवाज — "मामाजी, मी चढू का?" अन् ते वळून म्हनते, "जावईबापू, तुमी हात नोका लावू!" सगळे हासले. मंग सासूबाईनं पदर डोयाले लावला, अन् कोनीच हासलं नाही. मोठा साळा म्हने, "जावई, मानलं तुमाले." जिंदगीत पयल्यांदा!

रविवारी रफीकभाई पाहाले आला. झाकन काढलं अन् नाड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, हे काय?"

"पूजेचा नाडा."

"ते दिसून राह्यलं. वायर काहून बांधली?"

"फालतू होती."

"फालतू?" त्यानं कपाळावर हात मारला. "भाऊ, कार्डाले करंट याच वायरीनं भेटते! ह्या पाहा जागा... रिकाम्याच. हे चालूच नाही शकत."

"अरे, चालला ना! पूरी फिल्म निघाली!"

बटन दाबलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीच्या दोन ओळी.

"काय लिहिलं रे?"

"लिहिलं, बंद कर अन् वायर लाव."

गुरुवारी अशी ओळ आलीच नव्हती. वीसदा चालू-बंद केलं, वीसदा तेच. मानिटरची वायर कार्डातच होती, पाठीमागं ते लावाले दुसरी जागाच नाही. गाठ संगीताची, सुटलेली नाही. कुंकू जसंच्या तसं. सप्लायच्या खोक्यात तशीच अजून एक वायर निघाली, ते रफीकभाईनं लावली तवा कुठं गाडी सुरू झाली. यवतमाळच्या दुकानदाराले विचारलं तं म्हने, "त्या दिवशी किती घेतली होती?" अरे बाप्पा, श्राद्धाच्या घरी कोन घेते!

संगीता म्हने, "त्यात काय एवढं? बाबा असतीन."

"अन् मंग म्या काय केलं?"

"तुमी बटन दाबलं ना."

घ्या! एकदा साळ्यानं मानलं, ते बी सासऱ्याच्या खात्यात गेलं.

नाडा अजून तसाच हाय. मागच्या आठवड्यात धूळ काढाले झाकन उघडलं, म्हटलं गाठ सोडूनच पाहाव. गाठीले पेचकस टेकवला तं पाठीमागून आवाज —

"तुमी हात नोका लावू!"

वळून पाह्यलं, संगीता होती. संगीताच होती... पन पेचकस तवापर्यंत माह्या हातातून खाली पडला होता.