पेशींना खायला घालणारी

दुसऱ्याच्या ताटात इतक्या आपुलकीनं डोकावणारी बाई माझ्या आतेबहिणीखेरीज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. मोबाइलला लावायचा इवलासा सूक्ष्मदर्शक सतत तिच्या पर्समध्ये असतो. किल्ली विसरेल, तो नाही. नौपाड्यात माझ्या साखरपुड्याला तिनं मठ्ठ्याचा थेंब काचेवर घेतला आणि मोबाइल थेट माझ्या होणाऱ्या सासूबाईंपुढे धरला. "बघा ना मावशी, किती जिवंत आहेत सगळे!" त्यानंतर मठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. उरलेला सगळा तिनंच संपवला, अगदी तृप्त होऊन. लग्नात तर अक्षता टाकल्या न टाकल्या तोच निघाली. "सॉरी गं, पेशींना खायला घालायचंय."

ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती कातडी छापते. शाईच्या जागी जिवंत पेशी कालवलेली जेली. सोऱ्यातून शेव पडावी तशी यंत्र ती थरावर थर घालत जातं. पेशींना वेळच्या वेळी खुराक लागतो, ऊब लागते. स्वतःचा डबा मात्र ही संध्याकाळी तसाच परत आणते. "माझी पोरगी घरात भांडं विसळत नाही, तिकडे बश्यांमध्ये जीव वाढवते," असं कोपरला राहणारी आत्या, म्हणजे तिची आई, शेजारणींना सांगायची.

मग एका दिवाळीत चकल्या तळताना कढई कलंडली आणि आत्याचा हात दंडापर्यंत भाजला. डॉक्टरांनी तिच्या मांडीची कातडी काढून हाताला लावली. आत्या हातापेक्षा मांडीच्या दुखण्यानंच जास्त कण्हायची. बहीण उशाशी बसून एकच म्हणत राहिली, "एका जखमेसाठी दुसरी जखम करायची, हे काय गं?" तेव्हापासून ती हट्टालाच पेटली. पण छापलेले तुकडे टिकायचे नाहीत. मी फोन केला की "गेला गं," एवढंच म्हणायची, घरातलं कुणी गेल्यासारखं.

यंदा एक तुकडा तगला. आत्याला आणि मला तिनं तो बघायला नेलं. नखाएवढा, साईसारखा पांढुरका. माणसाला लावायला अजून बरीच वर्षं लागतील, हे तिनं आधीच सांगून टाकलं. आत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ वाकून राहिली.

"बाहेर काढलंस, थंडी नाही ना वाजत त्यांना?"

"थोडा वेळ चालतं गं आई."

"चालतं काय! माझं बघून झालं. ठेव आधी आत."

बहिणीनं बशी उबेच्या कपाटात ठेवली. दार लावून झालं तरी ती पाठमोरीच उभी राहिली. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी उगीचच खिडकीतून खाली रिक्षा दिसते का ते बघू लागले.